माळावर झाडं लावू नका

सोलापूर जिल्ह्यात जंगल फार कमी आहे, हे आपण शाळेच्या भूगोलापासून ऐकत आलो. त्यापुढचा निष्कर्षही ठरलेला असतो: कधीकाळी तिथे जंगल असणार, माणसाने ते तोडलं असणार, म्हणून आता ते परत लावायला हवं. मला हे पटत नाही. भीमा, नीरा, सीना, माण या नद्यांच्या खोऱ्यांत असे मोठमोठे पट्टे आहेत, जिथे दाट जंगल हजारो वर्षांत नव्हतंच. तिथे गवत होतं आणि त्यात विखुरलेली हिवर, बाभूळ, बोर, तरटी अशी काटेरी झाडं. हा माळ ही एक पूर्ण वाढलेली, फार जुनी निसर्गव्यवस्था आहे, आणि दर पावसाळ्यात तिच्यात खड्डे खणून आपण ती मोडतो आहोत.

झाडं लावू नका, असं म्हणताना जीभ अडखळते. आपल्याकडे झाड लावणं हे पुण्य मानलं जातं आणि ते योग्यच आहे. म्हणूनच या चुकीकडे बोट दाखवणं अवघड होऊन बसतं. महाराष्ट्र सरकारने 2016 साली 2 कोटी झाडं लावण्याची मोहीम काढली. पुढच्या तीन वर्षांत उद्दिष्ट 4 कोटी, 13 कोटी आणि 33 कोटी असं वाढत गेलं. शाळेतली मुलं, सरकारी कर्मचारी, गावोगावची तरुण मंडळं मनापासून राबली. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण एवढी रोपं लावायची तर सलग मोकळी जागा लागते. शेतकऱ्याच्या बांधावर दहा-वीस झाडं बसतात, शहरातल्या रस्त्याकडेला त्याहून कमी. सलग जागा मिळते ती गायरानात आणि वनखात्याच्या ताब्यातल्या गवताळ गटांत. तिथे सात-बाराचा मालक आडवा येत नाही, पीक उभं नसतं, आणि मे महिन्यात पाहिलं तर सगळं पिवळं, वाळलेलं, रिकामं दिसतं. मग तिथेच खड्डे पडतात. त्यात बऱ्याचदा ग्लिरिसिडिया लागतो, ज्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. लवकर वाढतो, जनावरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, त्यामुळे जगलेल्या रोपांचा आकडा चांगला येतो. त्याच्या दाट सावलीत गवत मात्र उरत नाही.

इथे गवत आधीपासून होतं हे कशावरून, असं कोणी विचारेल, आणि ते विचारायलाच हवं. याची उत्तरं फार वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात.

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे झालेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली. त्यातल्या एका तुकड्यावर माणसाने कोरलेली नक्षी आहे आणि तिचं वय सुमारे 25,000 वर्षं मानलं जातं. शहामृग हा पळणारा पक्षी. दूरवरचं दिसेल, धावायला वाव मिळेल असा उघडा मुलूख त्याला लागतो. गच्च झाडीत तो राहत नाही. तो काळ आजच्यापेक्षा कोरडा होता, हे मान्य. पण दख्खनमध्ये नांगर यायला तेव्हा वीस हजारांहून जास्त वर्षं बाकी होती, शेळ्या-मेंढ्याही नव्हत्या. तेव्हा माणसाने जंगल तोडलं आणि शेळ्यांनी ते परत येऊ दिलं नाही, म्हणून माळ झाला, ही गोष्ट इथे लागू पडत नाही.

त्याहूनही मागे जायचं तर हिमालयाच्या पायथ्याशी, पोटवारच्या पठारावर जावं लागतं. तिथल्या शिवालिक थरांतल्या जुन्या मातीत चुन्याचे खडे सापडतात. त्या खड्यांतल्या कार्बनच्या दोन प्रकारांचं प्रमाण मोजलं की त्या काळी तिथे झाडं जास्त होती की उष्ण प्रदेशातलं गवत, हे सांगता येतं, कारण अशा गवताची प्रकाशसंश्लेषणाची रीत झाडांहून वेगळी असते. त्या मोजमापांतून दिसलं की सुमारे 70 ते 80 लाख वर्षांपूर्वी या उपखंडात गवताने मोठी मुसंडी मारली. माणूस नावाचा प्राणी तेव्हा पृथ्वीवर नव्हता.

अलीकडे यायचं तर शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. 1600 ते 700 या काळात तिथे वस्ती होती आणि त्या लोकांनी शिकार करून खाल्लेल्या प्राण्यांच्या हाडांमध्ये काळविटाची हाडं आहेत. काळवीट हा अस्सल माळावरचा प्राणी. धोका लांबून दिसणं आणि वेगाने पळणं, याच दोन गोष्टींवर तो जगतो.

आणि मग आपलं जुनं साहित्य. हा पुरावा मला सगळ्यात जवळचा वाटतो. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात कान्होपात्रेच्या समाधीजवळ तरटीचं झाड आहे. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेने बादशहाकडे जाण्यापेक्षा विठ्ठलाच्या पायाशी प्राण ठेवला आणि तिला पुरलं तिथे तरटी उगवली, ही कथा वारकऱ्यांना तोंडपाठ आहे. तरटी हे कोरड्या, उघड्या मुलखात वाढणारं काटेरी झाड. दाट अरण्याच्या प्रदेशात ही कथा जन्मली असती तर तिथे दुसरं एखादं झाड उगवलं असतं. कथा सांगणाऱ्यांनी भोवती जे दिसत होतं तेच घेतलं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी हेच सूत्र धरून तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा-काव्यांमध्ये आलेल्या रानझाडांच्या नोंदी गोळा केल्या. त्यांचं काम 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्याबद्दलच्या या नोंदींत मोठा वाटा माळावरच्या, उघड्या मुलखातल्या झाडांचा निघाला. खास घनदाट जंगलातली म्हणावीत अशी झाडं अगदी थोडी. चरित्रं, स्थलमाहात्म्यं, ओव्या आपण भक्तीसाठी वाचतो, इतिहासासाठी वाचतो. त्या वाचताना भोवती कोणतं झाड, कोणतं गवत आलं आहे इकडे लक्ष दिलं तर सातशे वर्षांपूर्वीचा मुलूख दिसू लागतो. असं वाचन मराठीच्या अभ्यासकांनी आणि वनस्पतींच्या अभ्यासकांनी एकत्र बसून करावं, असं मला फार वाटतं. आपल्याकडे पोथ्यांची कमतरता नाही.

मराठ्यांच्या घोडदळातली भीमथडी तट्टं कुठली? भीमा-नीरेच्या काठची. माणदेशी खिल्लार बैल आणि दख्खनी मेंढीही याच कोरड्या मुलखातली. इतकं पशुधन एका पट्ट्यात पोसलं गेलं ते गवतावर.

आता गवताकडेच जरा नीट पाहू. आपण त्याच्याकडे झाडाच्या तुलनेत पाहतो आणि त्याला कमी लेखतो. कुसळी गवत घ्या. दिवाळीनंतर माळावरून चालून आलं की पायजम्याला, मोज्यांना जी कुसळं टोचून बसतात, ती याच्या बियांची शेपटं. ते शेपूट कोरडं असताना पिळलेल्या सुतळीसारखं असतं. दव पडलं, हवेत ओल आली की पीळ सुटतो. ऊन पडलं की पुन्हा पडतो. या उलटसुलट फिरण्याने बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. त्याच्या टोकाला मागे वळलेले केस असतात, त्यामुळे आत गेलेलं बी मागे सरकत नाही. माळाला वणवा लागला तरी बोटभर मातीखालचं हे बी शाबूत राहतं आणि जूनच्या पावसाची वाट पाहतं. पवन्या, शेडा, मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवतं तर वरून जळाली किंवा चरली गेली तरी बुडापासून पुन्हा फुटतात. कंदीलपुष्पं, दीपकाडी आणि त्यांच्यासारखी कितीतरी रोपं वर्षातले आठ-नऊ महिने जमिनीखाली कंदाच्या रूपात असतात आणि पावसात काही आठवडे वर येऊन फुलतात. मे महिन्यात माळ रिकामा दिसतो तो एवढ्यासाठी. त्याचा बराचसा जीव तेव्हा मातीखाली असतो, आणि आपण नेमका तेव्हाच तिथे जेसीबी घालतो.

झाडाच्या खड्ड्यांइतकंच नुकसान सलग समतल चरांनी होतं. उतारावर पाणी मुरावं म्हणून हे चर खणतात, आणि उजाड, धुपलेल्या उतारावर त्यांचा उपयोगही आहे. पण जिथे गवताची जुनी गादी शाबूत आहे, तिथे पाणी मुरवण्याचं काम ती गादी आधीच करत असते. ती उकरून मुरूम वर काढला की त्या उकरलेल्या पट्ट्यावर गाजरगवत येतं. पवन्या आणि शेडा तिथे परतायला किती वर्षं लागतात, हे विचारण्याची सोय कोणत्याही अंदाजपत्रकात नसते.

या माळावर राहणाऱ्यांची यादी लांब आहे: काळवीट, चिंकारा, खोकड, तरस, धाविक, चंडोल, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी, जे दिवसभर टोळ टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. लांडगा तर या मुलखाचा राजा. भारतातला लांडगा ही जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे आणि देशात ते सुमारे तीन हजारच उरले असल्याचा अंदाज आहे. वाघांची संख्या आज त्याहून जास्त आहे. वाघाचा आकडा आपल्याला ठाऊक असतो. लांडग्याचा आपण विचारत नाही, कारण तो ज्या जागेवर राहतो ती जागा आपल्या लेखी जंगलच नाही.

माळढोकाचं काय झालं ते सर्वांसमोर आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य 1979 साली जाहीर झालं. आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि महाराष्ट्रातून ते जवळजवळ गेलेच. याचा दोष एकट्या वृक्षारोपणावर टाकणं खोटं ठरेल. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, विजेच्या तारा आल्या, शिकार होतीच. पण माळढोक एकच अंडं घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याच्या माळावर झाडांच्या रांगा उभ्या करणं म्हणजे कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीचे बुरूज बांधून देणं. तणमोर, धाविक, चंडोल हे सगळे जमिनीवर घरटं करणारे. त्यांनाही हेच लागू.

या म्हणण्यावर दोन आक्षेप वारंवार येतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

एक म्हणजे हवामानबदल. कार्बन शोषायला झाडं हवीत, मग माळ का सोडायचा? भारताने 2030 पर्यंत वाढीव वन आणि वृक्षाच्छादनातून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषण्याचं वचन जगाला दिलं आहे, त्यामुळे ही मागणी वाढतच जाणार. 2019 साली ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध आला की जगात आणखी 90 कोटी हेक्टरवर झाडीचं छत्र वाढू शकतं. तो फार गाजला. त्याच नियतकालिकात काही महिन्यांत चाळीसहून अधिक शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं की त्या हिशेबात गवताळ प्रदेश झाडांसाठी धरले गेले आहेत आणि कार्बनचा आकडा कितीतरी फुगला आहे. जुना माळ आपला बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत ठेवतो. वणवा लागला तर वरचं वाळलेलं गवत जातं, खालची ठेव राहते. लावलेल्या झाडांचा कार्बन खोडात असतो, आणि सलग दोन दुष्काळ आले, आग लागली किंवा कुऱ्हाड पडली की तो गेला. पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या, बेसाल्टवर वीतभर माती असलेल्या जमिनीत दोन दुष्काळ येणारच नाहीत, असं कोण सांगेल?

त्यातून पाण्याचा प्रश्न उभा राहतो. झाडं पाऊस आणतात, पाणी धरतात, हे आपण इतकं ऐकलं आहे की झाड स्वतः पाणी पितं हे विसरतो. 2005 साली जगभरच्या नोंदी एकत्र करून झालेल्या एका अभ्यासात गवत आणि झुडपांच्या जागी लावलेल्या वनांमुळे ओढ्या-नाल्यांचा वार्षिक प्रवाह सरासरी निम्म्याने घटल्याचं दिसलं. त्यातले 13 टक्के ओढे किमान एक वर्ष पूर्ण आटले. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे हे गणित वेगळं असेल. माण-खटाव-सांगोल्यात ते मांडल्याशिवाय खड्डा खणू नये.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो: सगळेच माळ जुने नाहीत. काही डोंगरउतारांवर खरोखर जंगल होतं, ते कोळशासाठी, लाकडासाठी, शेतीसाठी गेलं आणि आता तिथे गवत आहे. तिथे झाडं परत आणायलाच हवीत. हे अगदी खरं. म्हणून फरक ओळखता आला पाहिजे, आणि तो ओळखता येतो. कंद असलेली, बुडापासून फुटणारी, प्रकाशाशिवाय न जगणारी रोपं जिथे मोठ्या संख्येने आणि विविधतेने आहेत, तो माळ जुना. त्या जाती तिथे जमायला शेकडो वर्षं लागतात. जिथे दोन-चार सर्वत्र आढळणारी गवतं आणि तणच आहे, आणि जवळच्या देवराईत वेगळंच दाट रान उभं आहे, तिथे जंगल तुटलेलं असण्याची शक्यता मोठी. हे पाहायला वनस्पती ओळखणारा एक माणूस आणि पावसाळ्यातले दोन महिने लागतात. आज रोपवनाचा आराखडा करताना हे पाहण्याचं बंधनच नाही, आणि माझी पहिली मागणी तीच आहे.

हे बंधन का नाही, याचं मूळ जुनं आहे. भारतात वनखातं 1864 साली स्थापन झालं ते मुख्यतः इमारती आणि रेल्वेच्या लाकडासाठी. ज्या जमिनीतून लाकूड नाही आणि शेतसाराही नाही, ती सरकारी हिशेबात पडीक. ब्रिटिश गेले, हिशेब राहिला. देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह आजही झुडपी आणि विरळ झाडीच्या जमिनी पडीकात धरतो. देशाच्या सुमारे 17 टक्के भूभागावर तो शिक्का आहे. दुसरीकडे वन सर्वेक्षणात एक हेक्टर जागेवर दहा टक्क्यांहून अधिक झाडीचं छत्र असलं की ते वनाच्छादन ठरतं, झाडं कोणतीही असोत. म्हणजे ग्लिरिसिडियाची लागवड वनात मोजली जाते आणि पवन्या-शेड्याचा हजारो वर्षांचा माळ पडीकात. 1988 च्या वननीतीने एक तृतीयांश भूमीवर वन-वृक्षाच्छादनाचं राष्ट्रीय उद्दिष्ट ठेवलं. ते देशाचं उद्दिष्ट होतं. ते जिल्ह्याजिल्ह्याला लावून सोलापूर, लातूर, बीडला नापास ठरवायचं आणि मग त्यांच्याकडून खड्ड्यांचे आकडे मागायचे, हे अशास्त्रीय आहे.

कोकणातल्या कातळसड्यांवर हेच वेगळ्या रूपात चालतं. रत्नागिरीच्या सड्यांवर आदिम माणसाने कोरलेली शिल्पं आहेत, पावसात तिथे जी फुलं येतात त्यातल्या काही जाती जगात दुसरीकडे नाहीत, आणि तरी सुरुंग लावून खडक फोडला जातो आणि आंब्याची कलमं लावली जातात.

माळ झाडांखाली गेला की सर्वांत आधी धनगराला कळतं. रोपवन झालं की तारेचं कुंपण येतं आणि चराईबंदी लागते. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघालेल्या वाड्याला, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तांड्याला, मागच्या वर्षीची वाट बंद मिळते. मग ती मेंढरं उरलेल्या छोट्या माळावर जास्त दिवस थांबतात, तिथलं गवत बुडापर्यंत जातं आणि त्याचा ठपका पुन्हा धनगरावर येतो. जे शेतकरी रात्री शेतात मेंढ्या बसवून खत मिळवतात, त्यांचंही त्यात नुकसान. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचे चराईचे हंगामी हक्क स्पष्ट मान्य केलेले आहेत. ते हक्क मिळवून देणं हे माळ वाचवण्याचंच काम आहे, कारण माळाला ठरावीक काळाची चराई लागते. ती पूर्ण बंद केली तरी गवत वाळून साठतं आणि मोठा वणवा लागतो. ती अमर्याद केली तरी गवत संपतं.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं काही सुरूही झालं आहे. पुणे वनविभागाने इंदापूरजवळच्या कडबनवाडीत आणि बारामतीजवळच्या शिर्सुफळला माळरान पाहायला लोकांना नेणं सुरू केलं, हे मला मोलाचं वाटतं; लांडगा आणि खोकड पाहायला कोणी पैसे देतो, हे गावाला दिसलं की माळाची किंमत बदलते. बिघडलेल्या माळावर रोपांऐवजी स्थानिक गवताचं बी टाकावं. झाडं शहरांत, शाळांत, रस्त्यांकडेला, बांधांवर, देवरायांच्या कडेने, तुटलेल्या जंगलांच्या जागी लावावीत. सोलापूर शहराच्या रस्त्यांना सावलीची फार गरज आहे आणि तिथे लावलेलं एक कडुनिंब माळावरच्या पन्नास खड्ड्यांपेक्षा जास्त लोकांच्या कामी येईल. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत कुरण राखायचं आणि मग गवत कापायचं, ही पद्धत अनेक गावांना माहीत आहे. तिला रोपवनाइतका निधी मिळाला पाहिजे.

आणि एक गोष्ट सरकारच्या आदेशाची वाट न पाहता करता येते. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ती एकदाच भरून कपाटात गेली आहे. ती बाहेर काढावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गावातली दोन जाणती गुराखी माणसं, एखादा धनगर आणि जवळच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्राचा शिक्षक यांनी मिळून गायरान चालून काढावं आणि गट नंबरनिशी लिहावं: कुसळी कुठे आहे, पवन्या कुठे, मारवेल कुठे, कंद कोणते, टिटवी आणि धाविक अंडी कुठे घालतात, लांडग्याची बिळं कोणत्या ओढ्याला आहेत, वाडा दरवर्षी कधी येतो. मग पुढच्या जूनमध्ये खड्ड्यांचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेला हे पान त्याला जोडून परत पाठवता येईल.